ऊन कुणाच्या डोळ्यात?

मला वाचवलं ते शहरातल्या छावणी भागातल्या मामांनी. हे आधी लिहून टाकतो. पुढची हकीकत सांगायला लागलो की मी माझ्याच भीतीत अडकतो आणि मामा मागे राहून जातात, असं दोनतीनदा झालंय. ते माझे सख्खे मामा नव्हेत. पिण्याच्या पाण्याचे जार भरणाऱ्या कारखान्यातले ते सगळ्यात जुने टेम्पोवाले. त्यांना सगळे मामाच म्हणायचे, शेठसुद्धा.

तुम्ही त्यांना रस्त्यावर पाहिलं असेल, आणि पाहिलं असेल तर हातही केला असेल. लख्ख उन्हात दोन्ही दिवे लावून जाणारा मातकट रंगाचा टेम्पो. समोरून येणारा जो तो हात बाहेर काढून पाची बोटं मिटायचा, उघडायचा, मिटायचा, उघडायचा. म्हणजे, अहो, लाईट चालू राहिलीय. रिक्षावाले, एसटीवाले, स्कूटीवरच्या मुली. एकदा तर वरातीतल्या नवरदेवानं घोड्यावरून हात केला होता. मामा प्रत्येकाला उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवायचे आणि काचेच्या आतून हळूच म्हणायचे, "दिसलो ना? बास."

दिवे चालूच.

मी गोंदियाकडचा. आठवी अर्धी सोडली आणि पुढं कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही. एका ठेकेदाराबरोबर बिडकीनला कंपन्यांच्या शेडचं काम करायला आलो. काम संपलं, बाकीचे गावी परतले, मी थांबलो. गाडी शिकलो, लायसन काढलं, आणि या कारखान्यात लागलो. लागलो खरा, पण भीती काही सुटेना. हँडब्रेक ओढला की नाही ते मी तीनतीनदा बघायचो. स्टिअरिंगला हाताचा घाम लागतो म्हणून मांडीवर रुमाल ठेवायचो. शेठनं पहिला महिना मला मामांच्या शेजारी बसवलं, रस्ते आणि गिऱ्हाइकं माहीत व्हावीत म्हणून.

पहिल्याच सकाळी मी शहाणपणा केला. टेम्पो गेटाबाहेर पडला, तीन जणांनी हात केले, आणि मामांच्या लक्षात आलं नसेल असं समजून मी हात लांबवून दिवे बंद करून टाकले.

"का विझवला?"

"चालू राहिली होती जी."

"राहिली नव्हती. ठिवली व्हती." त्यांनी बटण परत फिरवलं. मग माझ्याकडं बघून हसले. "अन् हे जी जी काय लावलंय रं?"

आमच्याकडे मोठ्यांशी असंच बोलतात, असं मी सांगितलं. त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव जीजी पडलं. परक्या गावात आपल्याला कुणी नाव दिलं की बरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

रोज सकाळी टेम्पो सुरू करताना मामा मला एक प्रश्न विचारायचे. "सांग जीजी, आता ऊन कुणाच्या डोळ्यात?"

मला वाटायचं गंमत करतायत. मग हळूहळू लक्षात आलं की हा माणूस शहराचे रस्ते नावांनी ओळखतच नाही. कुठल्या रस्त्यावर किती वाजता ऊन कुठून येतं, त्यावर त्यांचा सगळा नकाशा. सकाळी छावणीतून गुलमंडीकडं जाताना ऊन आपल्या डोळ्यात. "म्हंजे समोरचा आपल्याला दिसत नाय. म्हणून आपण भिऊन हळू जातो. भ्यालेला माणूस चांगला. पण परत येताना बघ." परत येताना ऊन आपल्या पाठीला. सगळा रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ. एकेक पाटी वाचून घ्यावी. "आता तुला सगळं दिसतंय. अन् समोरच्याच्या डोळ्यात ऊन. त्याला तू दिसतो का?"

"दिसत असणार की जी."

"आपल्याला दिसतंय म्हंजे आपण दिसतोय, असं नसतं राजा."

एवढी वर्षं मी रस्त्यानं चालतोय, सायकल चालवली, गाडी शिकलो, पण समोरच्याच्या डोळ्यात जाऊन स्वतःकडं कधी बघितलं नव्हतं. मामा दिवसभर तेच करायचे. आपल्या सीटवर बसून समोरच्याच्या सीटवरून बघायचे. मला तर ती सिद्धीच वाटली. आजही वाटते.

लोक चेष्टा करायचे, हे वेगळं सांगायला नको. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानाशेजारी बॅटरी-वायरिंगचं काम करणारे एक भाई बसायचे. टेम्पो दिसला की ओरडायचे, "मामू, बॅटरी क्या सुसराल से मिली क्या?"

"व्हय, अन् सासरा अजून जिता हाय!" मामा तिकडून.

शेठ कुरकुरायचे. दिवसाढवळ्या कशाला, बल्ब उडतात. मामा म्हणायचे, "बल्ब दुकानात मिळतो, शेठ." पुढचं वाक्य ते बोलत नसत. शेठ पुढचं वाक्य ओळखायचे आणि उठून आत जायचे.

दिवा मात्र डिप्परवर, उजेड खाली रस्त्यावर पडेल असा. अप्परवर, समोरच्याच्या डोळ्यांवर, कधीच नाही. कुणी अप्पर मारत समोरून आलं की मामांना राग यायचा. "त्यो दिसावा म्हणून नाय लावत, दुसऱ्यानं बाजूला व्हावं म्हणून लावतो. लई फरक हाय."

महिना संपला आणि मला स्वतंत्र टेम्पो मिळाला. त्याच मातकट रंगाचा. माझी फेरी पैठण रोडनं बिडकीनच्या कंपन्यांची. पहिले काही दिवस मी मामांसारखाच दिवे लावून जायचो. पण मामांसारखं छातीवर हात ठेवणं मला जमेना. प्रत्येक हात मला रागावल्यासारखा वाटायचा. माझ्या मनात यायचं, बघा, बाहेरगावचा आहे, आठवी नापास असेल, याला लाईट बंद करायचीसुद्धा अक्कल नाही. तुम्ही हसाल, पण घाबरट माणसाला रस्त्यावरचा प्रत्येक हात आपल्यावरच उगारलाय असं दिसतं.

मे महिना होता. दुपारचे साडेतीन वाजले असतील. त्या रस्त्याला तेव्हा जुन्या वडांचा एक पट्टा शिल्लक होता. उघड्या उन्हातून एकदम गर्द सावली, मग परत ऊन. पट्ट्याच्या जरा अलीकडं एक चहाची टपरी. टपरीवाल्याला गिऱ्हाईक नसलं की येणाऱ्याजाणाऱ्याला बघणं हाच उद्योग. त्या दिवशी तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी बोटं मिटत-उघडत ओरडला, "ओ टेम्पोवाले! लाईट! लाईट!"

शहरातून निघाल्यापासून तो कितवा होता कुणास ठाऊक. माझे कान गरम झाले. मी लाईट बंद केली, त्याला हात केला, आणि सावलीत शिरलो.

समोरून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याच्या मागून एक मोटारसायकल बाहेर निघाली. माझ्याच वयाचा माणूस, पहिली पाळी संपवून घरी निघालेला. तो उन्हात होता, मला स्वच्छ दिसत होता. त्याचं तोंड, शर्टाची वरची उघडी गुंडी, सगळं दिसत होतं. तो सरळ माझ्याकडं बघत होता आणि तरी येतच होता. अगदी जवळ आल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. मी ब्रेक दाबून गाडी डावीकडं ओढली. टेम्पो कडेच्या चारीत जाऊन कलंडला. मोटारसायकलवाला माझ्या मागच्या फळीला घासून पडला.

जार फुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एक फुटला की दुसरा.

मी बाहेर निघालो तोवर माणसं जमली होती. त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं, पण तो बोलत होता. एका जीपवाल्यानं त्याला बसवलं. जाताना तो एवढंच म्हणत होता, "टेम्पो नव्हताच तिथं. आईशप्पथ, नव्हताच."

जीप गेली आणि सगळे माझ्याकडं वळले.

"लई जोरात आला व्हता ह्यो."

"दारू पिलाय का बघा."

"कुठला हायेस रं?"

"गोंदियाकडचा जी."

"जी जी काय करतो? नीट बोल!" एकानं माझी कॉलर धरली.

मला इथं कुणी ओळखत नव्हतं. गावी बापाला कुणीतरी फोन करेल, तुमचा मुलगा तुरुंगात आहे म्हणून, एवढंच डोक्यात फिरत होतं. नोकरी गेली, लायसन गेलं, हे तर मी धरूनच चाललो होतो.

आणि बिडकीनची एक जादा फेरी टाकून परतणारे मामा आले. त्यांच्या टेम्पोचे दोन दिवे मला लांबूनच दिसले. तेवढ्या गर्दीत कॉलर धरलेली असताना मी ते बघत होतो, हे मला नीट आठवतं.

मामा उतरले. आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग विचारलं, "पडलेला कुठंय? गेला दवाखान्यात?" गेला, पण टेम्पो नव्हताच म्हणत होता, असं कुणीतरी सांगितलं. मामांनी मोठा श्वास घेतला, आणि कॉलर धरणाऱ्याला म्हणाले, "भाऊ, धरून ठिव तू. पळणार नाय त्यो. पण मला दोन मिनिटं द्या. एक दाखवायचंय."

"काय दाखवता, सरळ हाय, जोरात आला."

"आला असंल. आधी इकडं या. समद्यांनी. उन्हात या, सावलीत नगं."

त्यांच्या बोलण्यात काय होतं कोण जाणे, लोक खरंच पुढं गेले. मामांनी त्यांना मोटारसायकलवाला जिथून बाहेर निघाला त्या जागी, उघड्या डांबरावर उभं केलं. स्वतःचा टेम्पो वळवून त्याचं तोंड लोकांकडं केलं, मागं घेत वडांच्या सावलीत नेला आणि दिवे बंद करून उभा केला. मग चालत परत आले.

"बघा. टेम्पो दिसतो का?"

लोक कपाळावर हात धरून बघायला लागले.

"हात काढा. गाडी चालवताना कोण हात धरतं?"

हात खाली आले. उन्हानं सगळ्यांचे डोळे बारीक झालेले. समोर नुसता काळा बोगदा. टेम्पो तिथं उभा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आत्ताच डोळ्यांसमोर नेला होता, आणि तरी एकालाही बोट दाखवून सांगता येईना. एक जण म्हणाला, "त्यो काय, तिसऱ्या झाडाखाली." दुसरा म्हणाला, "त्यो तर खोड हाय."

"थांबा इथंच," म्हणून मामा परत चालत गेले. सावलीत शिरले आणि तेही दिसेनासे झाले. आम्ही सगळे त्या काळोखाकडं बघत उभे. माझी कॉलर कधी सुटली मला कळलंच नाही.

मग दोन दिवे उघडले.

गर्दीत डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी होती. ती दोन पावलं मागं सरली. "अगं माय! एवढ्या जवळ व्हता की!"

आणि खरंच तिसऱ्या झाडाखाली नव्हताच. पार अलीकडं, दुसऱ्याच्याही अलीकडं होता. मला वाटतं, तिथला प्रत्येक माणूस मनातल्या मनात आजवर चालवलेली आपली गाडी आठवत होता.

मामा परत आले. "जोराचं ऱ्हाऊ द्या. त्यो पडलेला खोटं बोलत नाय. त्याला दिसलाच नाय." मग माझ्याकडं वळले. आवाज तोच. "लाईट चालू व्हती का रं?"

टेम्पो चारीत आडवा होता. समोरच्या दोन्ही दिव्यांचा भुगा झालेला. मी होती म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मामांनी दाखवलेल्या गोष्टीनं मी जवळजवळ सुटलो होतो. एक शब्द पुरे होता.

"बंद केली होती, मामा."

"का?"

"सगळे हात करत होते जी."

मागून आवाज आला. "मीच केला." टपरीवाला होता. हातात अजून फडकं. "मीच वरडलो त्याला, बंद कर म्हणून. मला काय ठावं..." एवढा मोठा माणूस फडक्यानं तोंड पुसायला लागला.

मी वाट बघत होतो मामा आता त्याला झाडतील, मग मला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगल्या मनानं केलं. समदेच चांगल्या मनानं करतात, तीच तर पंचाईत हाय."

हवालदार आले, पंचनामा झाला. हवालदारांनी दवाखान्यात जाऊन विचारलं तेव्हा मोटारसायकलवाल्यानं स्वतःच सांगितलं की ट्रॅक्टरमागून गाडी त्यानंच बाहेर काढली होती. प्रकरण वाढलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पंचनामा आटोपल्यावर मामांनी त्यांच्या टेम्पोची चावी माझ्या हातात दिली.

"नाही जी. माझ्यानं नाही होणार."

"आत्ता नाय बसला तर परत कधीच बसायचा नाय तू. मला ठावं हाय. चल."

मी चालवली. क्लच नीट सुटत नव्हता, दोनदा गाडी बंद पडली. दिवे लावलेले. आणि शहर येईपर्यंत जो तो आपला हात करतोय! मामा शेजारी बसून एकेकाला छातीवर हात ठेवून मान झुकवत होते. मला एकदाही हात करणाऱ्यांकडं बघावं लागलं नाही. "तू रस्ता बघ," म्हणाले. "लोकांचं मी बघतो."

शेठ मला काढणार होते. मामा केबिनमध्ये गेले, मी दाराबाहेर. मला वाटलं विनवण्या करतील. ते म्हणाले, "शेठ, नवीन जो आणाल त्याला हे शिकवायला लागंल. ह्याला आलंय." बाहेर येऊन मला म्हणाले, "जा, जार भर."

त्यानंतर एकदा धीर करून मी विचारलं. कारखान्यात सगळ्यांचा समज होता की मामांच्या घरचं कुणीतरी अपघातात गेलं असणार. भाऊ असेल, मुलगा असेल. त्याशिवाय माणूस एवढा दिव्याच्या मागं लागत नाही. मी म्हटलं, "मामा, तुमच्या घरी कुणी... असं काही झालं होतं का जी?"

ते चहा पीत होते. त्यांना ठसका लागला, मग हसायला लागले. "नाय रं बाबा. समदे खुशाल हायेत. कुणीतरी मेल्यावरच लाईट लावायची व्हय?"

मला वाटत होतं एवढ्या चांगुलपणामागं एखादं मोठं दुःख असणार. मामांकडं तसलं काहीच नव्हतं. एक दिवस त्यांना एक गोष्ट नीट दिसली आणि त्या दिवसापासून ते तसे वागत आले, वीसपंचवीस वर्षं, चेष्टा सोसून. दुःखातून शहाणे झालेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. काही न गमावता शहाणा झालेला माणूस मी हा एकच पाहिला.

टपरीवाल्याचं सांगायचं राहिलं. तो आता उलटा ओरडतो, "ओ, लाईट लावा, पुढं झाडं हायेत!" झाडं आता बरीच कमी झालीत, तरी ओरडतो. लोक त्याला वेडा समजतात.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मामा फेरीवर जाऊन अर्ध्यातून परत आले. टेम्पो गेटाशी लावला आणि शेठच्या टेबलावर चावी ठेवली. काय झालं, कुठं ठोकली का? ठोकली नव्हती. "समोरचं दिसतं," म्हणाले, "पण कडेचं जातंय. आज एक बाई एकदम पुढ्यात आली. ती एकदम आली नव्हती, शेठ. ती कडेनं चालतच व्हती." डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही म्हणाले, राहिलेलं टिकवायचं. लायसनची मुदत अजून बरीच बाकी होती, त्यांना कुणी विचारायला आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःला रस्त्यावरून उतरवलं.

मग लेकीकडं नांदेडला गेले. त्या दिवशी मला बिडकीनची फेरी होती. मी रजा मागू शकलो असतो, पण मला मागायची भीती वाटली. स्टँडवर त्यांना सोडायला मी नव्हतो. हे मला फार लागतं.

परवा फोन केला. विचारलं, आता किती दिसतं? म्हणाले, "ताट दिसतं रं. वाटी हातानं शोधतो." आणि हसले. मला हसता आलं नाही. फोन ठेवल्यावर हे लिहायला बसलो.

मामा, लिहून ठेवतोय, म्हणजे मला मागं हटता येणार नाही. ज्या दिवशी माझी स्वतःची गाडी होईल त्या दिवशी मी नांदेडला येईन. तुम्हाला शेजारी बसवीन आणि आमच्या गावाला नेईन, पार गोंदियाकडे, धानाच्या बांध्यांपर्यंत. वाटेत डावीकडं काय आहे, उजवीकडं काय आहे, कोण चाललंय, कुठलं झाड, कुणाची बैलगाडी, एकही न गाळता मी सांगत राहीन. तुम्ही फक्त समोर बघा जी.